जड फिफ्थ-व्हील ट्रेलर तुमच्या पिकअपला पेलेल का? खरेदीपूर्वी करायचा हिशेब

उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या आणि सुट्ट्यांमध्ये हॉटेलऐवजी स्वतःच्या चाकांवरच्या घरात मुक्काम करण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा लेख आहे. येलोस्टोन, झायन किंवा बॅन्फकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिकअप ट्रकच्या मागे जे उंच, पुढून उचललेले ट्रेलर दिसतात, त्यांना फिफ्थ-व्हील म्हणतात. साधा ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकच्या मागच्या बंपरखालील गोळ्याला अडकवला जातो. फिफ्थ-व्हीलचा पुढचा भाग मात्र थेट ट्रकच्या हौद्यावर येतो आणि त्याच्या खाली असलेली किंगपिन नावाची, दोन इंच जाडीची पोलादी खुंटी हौद्यात बसवलेल्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या यंत्राच्या, जबड्यात अडकते. ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा मागच्या ॲक्सलच्या अगदी वर येत असल्यामुळे हा ट्रेलर वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकच्या झोताने कमी डोलतो. हा त्याचा खरा गुण आहे. मात्र याच गुणामुळे नवख्या मालकाची फसगत होते, कारण ट्रकवर मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक भार आला असला, तरी सपाट आणि कोरड्या रस्त्यावर चालकाला त्याची जाणीवच होत नाही.

म्हणून हा प्रश्न अनुभवाने किंवा अंदाजाने सोडवू नये. तो कागदावर सोडवावा आणि नंतर वजनकाट्यावर पडताळून पाहावा.

ओढणे वेगळे, पेलणे वेगळे

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा ओढण्याच्या क्षमतेचा असतो. विक्रेत्याला विचारले, तरी तो बहुधा हाच आकडा सांगतो: हा ट्रक अठरा हजार पौंड ओढतो, तुमचा ट्रेलर चौदा हजारांचा आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही. आकडा खोटा नसतो. ओढण्याची क्षमता मोजण्यासाठी २००८ साली आलेल्या एसएई जे२८०७ या मानकामुळे आता निरनिराळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाही करता येते. या मानकातील एक चाचणी ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळच्या लांब चढावर आधारलेली आहे आणि तिथे कडक उन्हात, वातानुकूलन पूर्ण क्षमतेने चालू ठेवून ट्रकला ठरावीक वेग टिकवावा लागतो. पण या मानकात ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी, तेही प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढेच धरलेले असतात. तुमच्या कुटुंबाची, मुलांच्या सायकलींची आणि हौद्यातल्या अवजारांच्या पेटीची दखल त्या आकड्यात नसते.

आपल्याकडची बैलगाडी ज्यांनी भरताना पाहिली आहे, त्यांना यातले मर्म लगेच कळेल. बैल कितीही ताकदीचे असले, तरी ओझे पुढे जास्त भरले की ते त्यांच्या मानेवर येते आणि मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते. मानेला किती सोसवते हा प्रश्न बैल किती ओढतात या प्रश्नाहून निराळा आहे. फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत मानेवर येणारे हे ओझे म्हणजे किंगपिनवरचा भार. व्यवहारात त्याला पिन वेट म्हणतात. सामानाने भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के वजन पिनवर येते. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये हेच प्रमाण १० ते १५ टक्के असते. म्हणजे तेवढ्याच वजनाचा ट्रेलर फिफ्थ-व्हील प्रकारचा असेल, तर ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर, मागच्या ॲक्सलवर आणि मागच्या टायरांवर येणारा भार जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. जड फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत बहुतेक ट्रक ओढण्यात कमी पडत नाहीत, ते पेलण्यात कमी पडतात, आणि या लेखातील बाकीचा सगळा हिशेब याच एका गोष्टीभोवती फिरतो.

चालकाच्या दारावरची लेबले आधी वाचा

कंपनीच्या माहितीपुस्तिकेतील आकडे त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या आवृत्तीचे असू शकतात. तुमच्या समोर उभ्या असलेल्या ट्रकचे आकडे फक्त त्याच्या दाराच्या चौकटीवर मिळतात, म्हणून ट्रक पाहायला गेल्यावर चालकाचे दार उघडून तिथल्या दोन लेबलांचा फोटो काढावा आणि मगच किमतीची बोलणी सुरू करावी.

पहिल्या लेबलावर जीव्हीडब्ल्यूआर असतो. ट्रक स्वतः, त्यातील इंधन, माणसे, सामान, हिच आणि पिनवरचा भार या सर्वांची बेरीज ज्या आकड्याच्या पुढे जाता कामा नये, तो हा आकडा. त्याच लेबलावर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा, म्हणजे जीएडब्ल्यूआर, दिलेली असते. दुसरे लेबल पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे असते. त्यावर टायरमधील हवेचा दाब दिलेला असतो आणि प्रवासी व सामान यांचे एकत्रित वजन अमुक पौंडांहून अधिक होऊ नये, असे स्पष्ट वाक्य असते. हाच त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. एकाच नावाच्या आणि एकाच वर्षीच्या दोन ट्रकांमध्ये हा आकडा शेकडो पौंडांनी वेगळा असू शकतो, कारण काचेचे छत, चामड्याची आसने, फोर-व्हील-ड्राइव्ह, मोठी केबिन आणि डिझेल इंजिन यांतील प्रत्येक गोष्टीचे वजन पेलोडमधून वजा झालेले असते. विक्रेत्याने नंतर बसवून दिलेली हौद्याची झाकणे, पायऱ्या किंवा जादा इंधनटाकी यांचे वजन तुम्हीच वजा करायचे असते.

तिसरा आकडा, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा सांगणारा जीसीडब्ल्यूआर, बहुधा दारावर नसतो. तो कंपनीच्या त्या वर्षीच्या टोइंग मार्गदर्शिकेत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर यांच्या तक्त्यात शोधावा लागतो. ३.३१ आणि ४.१० अशा वेगवेगळ्या गुणोत्तरांमुळे एकाच इंजिनाच्या दोन ट्रकांची एकत्रित मर्यादा बदलते, त्यामुळे तक्त्यातील योग्य ओळ वाचली आहे ना, हे दोनदा तपासावे.

ट्रेलरचे कोणते वजन धरायचे

ट्रेलरच्या माहितीपत्रकात कोरडे वजन ठळकपणे छापलेले असते आणि ते पाहून आनंदी होणे हीच पहिली चूक ठरते. कोरड्या वजनात पाणी नसते, कपडे नसतात, भांडी नसतात आणि बऱ्याचदा बॅटऱ्या व विक्रेत्याने बसवलेल्या जादा वस्तूही नसतात. पाण्याचे वजन दर गॅलनला ८.३४ पौंड असते, म्हणजे ६० गॅलनची टाकी भरली की सुमारे ५०० पौंड वाढले. त्यात पंधरवड्याचा किराणा, कुकर, तांदळाचे पोते, खुर्च्या, चटया, सांडपाण्याच्या नळ्या, थंडीतील पांघरुणे हे सगळे येते. कुटुंबासह राहण्याच्या ट्रेलरमध्ये दीड-दोन हजार पौंडांचे सामान केव्हा भरले गेले, हे कळतही नाही.

शिवाय सामानाची मोठी कोठडी बहुतेक फिफ्थ-व्हीलमध्ये पुढच्या बाजूला, पिनच्या लगत असते. तिथे ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा बराचसा भार ट्रकवरच येतो. त्यामुळे माहितीपत्रकातील पिन वेटचा आकडासुद्धा रिकाम्या ट्रेलरचा समजावा. नवख्याने हिशेबासाठी ट्रेलरचा स्वतःचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे पूर्ण भरलेल्या अवस्थेतील कमाल वजन, धरावे आणि त्याच्या २१ ते २२ टक्के भार पिनवर येईल असे मानून चालावे. मागच्या बाजूला मोटारसायकल ठेवण्याचे गॅरेज असलेल्या टॉय हॉलर प्रकारच्या ट्रेलरमध्ये हे गणित आणखी फसवे असते. गॅरेज रिकामे असताना त्याचा पिनवरचा भार उलट वाढलेला असतो.

आता बेरीज-वजाबाकी

उदाहरणासाठी थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे हलक्या हाफ-टन आणि जड वन-टन यांच्या मधल्या, वर्गातील डिझेल ट्रक घेऊ. चार दारांची केबिन, फोर-व्हील-ड्राइव्ह, जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंड, दारावरील पेलोड २,३५० पौंड. ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर १४,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो. त्याच्या २१ टक्के म्हणजे २,९४० पौंड पिनवर येतील. आईवडील आणि दोन मुले मिळून ५६० पौंड, हिच २०० पौंड, हौद्यातील अवजारे आणि केबिनमधील सामान १५० पौंड. एकूण बेरीज ३,८५० पौंड झाली. ट्रक ओढण्याच्या क्षमतेत आरामात बसत असूनही पेलोड १,५०० पौंडांनी ओलांडला गेला. ट्रेलर पूर्ण न भरता, माहितीपत्रकातील २,१०० पौंडांचा रिकामा पिन वेट धरला, तरीही बेरीज ३,०१० होते आणि ट्रक पुन्हा मर्यादेबाहेरच राहतो.

हाच हिशेब उलट बाजूने केला, तर खरेदीसाठी अधिक उपयोगी पडतो. पेलोडमधून माणसे, सामान आणि हिच यांचे वजन वजा करावे आणि उरलेल्या आकड्याला ०.२२ ने भागावे. जे उत्तर येईल, तेवढ्या जीव्हीडब्ल्यूआरपर्यंतचे ट्रेलर पाहावेत. वरच्या ट्रकसाठी २,३५० वजा ९१० म्हणजे १,४४०, आणि त्याला ०.२२ ने भागल्यावर सुमारे ६,५०० पौंड मिळतात. एवढा हलका फिफ्थ-व्हील बाजारात क्वचितच सापडतो. फोर्ड एफ-१५०, रॅम १५०० किंवा शेव्हरले सिल्व्हराडो १५०० या हाफ-टन वर्गातील १,७०० पौंड पेलोडच्या ट्रकसाठी हेच उत्तर साडेतीन हजारांच्या आसपास येते. म्हणून हाफ-टन ट्रक असलेल्यांनी फिफ्थ-व्हीलचा नाद सोडून साध्या ट्रॅव्हल ट्रेलरकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. ‘हाफ-टनसाठी योग्य’ अशी पाटी ट्रेलरवर असली, तरी दारावरील लेबल तिला मान्यता देत नाही, तोवर त्या पाटीला अर्थ नाही.

थ्री-क्वार्टर-टन डिझेल ट्रकांची ही अडचण अनेकांना कोड्यात टाकते, कारण त्यांचे इंजिन तर वन-टन ट्रकाचेच असते. इंजिन तेच असले, तरी डिझेल इंजिन स्वतःच जड असते आणि या वर्गातील अनेक ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांवर ठेवलेला असतो, कारण तिथे अमेरिकेतील वाहनवर्गाची एक सीमारेषा आहे. म्हणून इंजिन जितके जड, तितका पेलोड कमी उरतो. त्याच कंपनीचा ३५०० किंवा एफ-३५० वन-टन ट्रक दिसायला जवळजवळ सारखा असतो आणि किमतीतील फरकही तुलनेने थोडा असतो, पण पेलोड चार हजार पौंडांच्या पुढे जाऊ शकतो. ४,२०० पौंडांचे लेबल असेल, तर आपल्या सूत्राने १४,९०० पौंडांपर्यंतचा ट्रेलर चालतो आणि १४,००० चा ट्रेलर थोडी जागा राखून बसतो. १६,००० पौंडांच्या पुढचे मोठे, तीन ॲक्सलचे ट्रेलर घ्यायचे असतील, तर मागे चार चाके असलेला ड्युअली ट्रकच पाहावा.

एका बाजूला एकच चाक असलेल्या ट्रकची हद्द कुठे संपते, हे टायरकडे पाहून कळते. एलटी२७५/७०आर१८ आकाराचा लोड रेंज ई टायर ८० पीएसआय दाबाला सुमारे ३,६४० पौंड पेलतो, म्हणजे दोन मिळून ७,२८०. अशा ट्रकांच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा सात हजारांच्या आसपास का असते, याचे एक मोठे कारण हेच आहे. ड्युअलीत चार टायर भार वाटून घेतात आणि एखादा फुटला, तरी ट्रक सावरायला थोडा वेळ मिळतो.

इथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. मागचा भाग खाली बसतो म्हणून पाट्यांबरोबर हवेच्या पिशव्या किंवा जादा स्प्रिंग बसवून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने ट्रक सरळ उभा राहतो, हेडलाइटचा झोत जागेवर येतो, आणि मर्यादेच्या आत असलेल्या ट्रकसाठी ते चांगलेही आहे. परंतु त्याने ॲक्सल, बेअरिंग, चाके, ब्रेक किंवा चासी यांतील काहीच मजबूत होत नाही आणि दारावरील आकडा एका पौंडानेही वाढत नाही. उलट, ट्रक खाली बसणे हा जो एकमेव दिसणारा इशारा होता, तोही नाहीसा होतो.

हिच, हौदा आणि उंची

हिच मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसली पाहिजे. मागे बसली, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगवरचा ताबा कमी होतो. आठ फुटी हौदा असेल, तर ट्रक काटकोनात वळला तरी ट्रेलरचा पुढचा भाग केबिनला लागण्याची भीती फारशी नसते. साडेसहा फुटी हौद्यात मात्र कॅम्पच्या जागेवर मागे घेताना केबिनची मागची काच फुटण्याचे प्रसंग घडतात. अशा ट्रकसाठी मागे सरकणारी स्लायडर हिच मिळते. तिचे वजन जास्त असते आणि ते पेलोडमध्ये धरावे लागते. साडेपाच फुटी हौद्यावर जड फिफ्थ-व्हील लावू नये.

हिचचीही स्वतःची दोन मर्यादा-मूल्ये असतात, एक एकूण ट्रेलरसाठी आणि एक पिनवरच्या उभ्या भारासाठी, दोन्ही पाहावीत. नवीन ट्रक घेत असाल, तर कारखान्यातूनच हौद्याखाली हिचचे खाचे बसवलेला प्रकार मागावा, म्हणजे नंतर हौद्याला भोके पाडावी लागत नाहीत.

जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर असला पाहिजे आणि हौद्याच्या कडा व ट्रेलरचा पुढचा तळ यांच्यात साडेपाच ते सहा इंचांचे अंतर राहिले पाहिजे, नाहीतर खड्ड्यात किंवा पेट्रोलपंपाच्या उंचवट्यावर ट्रेलर हौद्याच्या कडांवर आदळतो. हल्लीचे फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक बरेच उंच झाल्यामुळे हे दोन्ही एकाच वेळी साधणे अवघड जाते. ट्रेलर पुढून उचललेला राहिला, तर भार त्याच्या मागच्या ॲक्सलवर अधिक पडतो. त्यामुळे खरेदीपूर्वी ट्रकच्या हौद्याची उंची मोजून ट्रेलर विक्रेत्याला कळवावी आणि हिचची उंची त्यानुसार ठरवून घ्यावी.

ब्रेक आणि ट्रेलरचे टायर

चौदा हजार पौंडांचा ट्रेलर ट्रकच्या ब्रेकांनी थांबवायचा नसतो. ट्रेलरने स्वतःला थांबवायचे असते. त्याच्या चाकांतील विद्युत ब्रेकांना ट्रकमधील ब्रेक कंट्रोलर आज्ञा देतो. रिकाम्या, सपाट जागेत ताशी २० ते २५ मैल वेगाने जाताना कंट्रोलरची कळ हाताने दाबून पाहावी. ट्रेलरने ट्रकला मागून स्पष्टपणे ओढून धरले पाहिजे, पण त्याची चाके जागच्या जागी बांधली जाऊन घासता कामा नयेत. तेवढ्यावर गेन, म्हणजे ब्रेकच्या जोराची पातळी, ठेवावा. भार बदलला, की ही चाचणी पुन्हा करावी. ट्रेलर ट्रकपासून सुटला, तर तार खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत यासाठी ब्रेकअवे स्विच असतो. त्याची तार ट्रकच्या पक्क्या भागाला बांधावी, हिचच्या दांड्याला कधीही नाही, कारण हिचच सुटली तर तारही तिच्याबरोबर जाईल. हा स्विच ट्रेलरच्या बॅटरीवर चालतो, म्हणून बॅटरी भरलेली असणे हासुद्धा ब्रेकच्या तपासणीचाच भाग आहे.

ट्रेलरच्या टायरांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. त्यांची नक्षी वर्षानुवर्षे नवी दिसते, कारण ते फार धावत नाहीत, पण उन्हाने आणि उभे राहून ते आतून जीर्ण होतात. टायरच्या बाजूवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. पाच ते सात वर्षांनी, नक्षी कशीही असो, टायर बदलावेत. थंड असताना, निघण्यापूर्वी हवा तपासावी, कारण कमी हवेचा टायर तापून फुटतो आणि फुटताना ट्रेलरच्या तळातील नळ्या व तारा फाडून नेतो. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, तर कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना कायद्यानेच ५५ मैलांची मर्यादा आहे. माझ्या मते जड ट्रेलरसाठी देशभर ६० ते ६२ मैलांच्या पुढे जाऊ नये. ५५ ऐवजी ७० मैलांनी जाताना थांबवायची ऊर्जा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते.

वजनकाट्यावर पडताळणी

कागदावरचा हिशेब खरेदीसाठी पुरेसा असतो, प्रवासासाठी नाही. पहिल्या मोठ्या सहलीपूर्वी ट्रेलर खरोखर जसा भरणार तसा भरून, सगळ्या कुटुंबासह आणि भरलेल्या इंधनटाकीसह काटा करून घ्यावा. महामार्गांवरील मोठ्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल हे सार्वजनिक काटे असतात. त्यांचे तीन वेगवेगळे भाग असतात. ट्रकची पुढची चाके पहिल्या भागावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची चाके तिसऱ्यावर येतील असे उभे राहावे. मग आवारातच ट्रेलर सोडून, त्याच माणसांसह, फक्त ट्रकचे दुसरे वजन घ्यावे. त्याच काट्यावर लगेच केलेल्या दुसऱ्या वजनाला शुल्क कमी पडते.

समजा, एकट्या वन-टन ट्रकचे वजन पुढे ४,९०० आणि मागे ३,८१० असे एकूण ८,७१० पौंड भरले. ट्रेलरसह ते पुढे ४,९६० आणि मागे ६,६०० असे ११,५६० झाले, आणि ट्रेलरच्या चाकांवर १०,६५० आले. पिनवरचा खरा भार म्हणजे ११,५६० वजा ८,७१०, म्हणजे २,८५० पौंड. ट्रेलरचे एकूण वजन १०,६५० अधिक २,८५०, म्हणजे १३,५००, आणि पिनचे प्रमाण २१ टक्के. जोडगोळीचे एकूण वजन २२,२१० पौंड. आता हे आकडे एकेक करून मर्यादांशी ताडावेत. ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १२,००० असेल, तर ४४० पौंड शिल्लक आहेत; मागच्या ॲक्सलची मर्यादा ७,००० असेल, तर ४०० शिल्लक आहेत. ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर, त्याच्या ॲक्सलची मर्यादा आणि जीसीडब्ल्यूआर हेही याच कागदावरून तपासून होतात. यातील एकही मर्यादा ओलांडली असेल, तर उत्तर ‘नाही’ असेच आहे. बाकीच्या मर्यादांतील शिल्लक तिची भरपाई करू शकत नाही. थोडासाच फरक असेल, तर पाण्याची टाकी मुक्कामाजवळ भरणे किंवा पुढच्या कोठडीतील जड सामान ॲक्सलच्या वर हलवणे एवढ्यानेही काम होते. परंतु सामान अगदी मागे नेऊन पिन १५ टक्क्यांच्या खाली आणू नये, कारण मग ट्रेलर अस्थिर होतो.

जोडण्याची रीत

ट्रेलरच्या चाकांखाली ठोकळे लावावेत, ट्रकचा फाळका खाली करावा आणि हिचचा जबडा उघडा आहे याची खात्री करावी. ट्रेलरचे पुढचे पाय वरखाली करून पिनजवळची सपाट पट्टी हिचच्या तबकडीपेक्षा किंचित खाली ठेवावी, म्हणजे ट्रक मागे घेताना तबकडी तिच्याखाली शिरून ट्रेलरला थोडे उचलते. पट्टी वर राहिली, तर पिन जबड्याच्या वरच्या कडेवरच अडकते. बाहेरून जोडणी झाल्यासारखी दिसते आणि पहिल्याच चढावर ट्रेलर हौद्यावर कोसळतो. म्हणून जबडा बंद झाल्याचा आवाज ऐकून समाधान मानू नये. विजेरी घेऊन वाकून पाहावे: जबडा पिनच्या भोवती पूर्ण बंद आहे का, आणि पट्टी व तबकडी यांच्यात फट नाही ना.

त्यानंतर कुलूपखिळ घालावी, सात टोकांची विजेची जोडणी करावी, ब्रेकअवेची तार अडकवावी आणि फाळका लावावा. पाय जमिनीला जेमतेम टेकलेले आणि ठोकळे जागेवर असतानाच ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहावा. ही ओढ-चाचणी प्रत्येक वेळी करावी, घाई असेल तेव्हा तर नक्कीच. पिन सुटायची असेल, तर ती इथे, पायांच्या आधारावर सुटते. मग पाय पूर्ण वर घ्यावेत, ठोकळे काढावेत, दिवे तपासावेत. नवीन किंवा नुकत्याच बदललेल्या चाकांचे नट पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत. या सगळ्या वेळात कोणाशीही बोलू नये आणि मध्येच कोणी हाक मारली, तर सुरुवातीपासून पुन्हा तपासावे.

घाटात

खरी परीक्षा चढावर नसते, उतारावर असते. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग ७० वरील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सात टक्क्यांपर्यंतचे उतार आहेत. वरच्या उदाहरणातील २२,२१० पौंडांची जोडगोळी सात टक्क्यांच्या उतारावर सुमारे १,५५० पौंडांच्या जोराने खाली ढकलली जाते, आणि हा जोर मैलोन्मैल तसाच राहतो. तो सतत ब्रेक दाबून अडवला, तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करावा, जड ओझे ओढताना वापरायचा टो/हॉल मोड लावावा, खालचा गिअर घ्यावा आणि डिझेल ट्रकमध्ये इंजिनाच्या रोधाने वेग आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक चालू करावा. वेग वाढू लागला, की ब्रेक ठामपणे दाबून ठरवलेल्या वेगाच्या खाली आणावा आणि सोडून द्यावा. पाय पेडलवर ठेवून उतरू नये. ब्रेक निकामी झालेल्या वाहनांसाठी बाजूला जे खडीचे चढाचे फाटे काढलेले असतात, ते वापरायला संकोच करू नये. ते खासगी वाहनांसाठीही आहेत. उंचीवर टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते, हेही मार्ग आखताना लक्षात घ्यावे.

परवाना

हे काम सर्वांत आधी करण्याजोगे आहे, कारण त्यावरून कोणता ट्रेलर घ्यावा हेही ठरू शकते. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांहून जड आणि १५,००० पर्यंतच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या फिफ्थ-व्हीलसाठी नेहमीच्या वर्ग सी परवान्यावर वेगळी नोंद लागते, आणि १५,००० च्या पुढे बिगर-व्यावसायिक वर्ग ए परवाना लागतो. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरच्या मर्यादांची बेरीज २६,००१ पौंड किंवा अधिक आणि ट्रेलर १०,००० हून जड असेल, तर बिगर-व्यावसायिक वर्ग ए परवाना घ्यावा लागतो. ब्रिटिश कोलंबियात ४,६०० किलोहून जड निवासी ट्रेलरसाठी परवान्यावर ०७ क्रमांकाची नोंद लागते. इतर राज्यांचे आणि प्रांतांचे नियम निराळे आहेत आणि ते तुम्ही जिथे राहता, तिथल्या परवाना कार्यालयाकडून लेखी स्वरूपात मिळवावेत. लेखी परीक्षेसाठी आणि प्रत्यक्ष चाचणीसाठी लागणारे दिवस धरून, ट्रेलरची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच ही चौकशी पूर्ण करावी.